बेत मांडव्यावरून

खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात दोन रात्री मुक्काम आणि तिथून पुढे मुंबई-गोवा-मुंबई अशी जहाजाची सफर, हा बेत आमच्या वहिनीचा. सुट्टी दिवाळीची, जाणारी माणसं सहा: दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई आणि नाना. बेताला विरोध माझ्या धाकट्या भावाचा. तो रोह्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्यालाही बरोबर चल म्हणून आग्रह झाला, तेव्हा त्याने मूळ बेतालाच हात घातला. दोघांचं बोलणं मी समोर बसून ऐकलं, मध्येमध्ये तोंडही घातलं. ते लिहून काढते आहे, कारण असे बेत हल्ली पेण-अलिबागकडच्या पुष्कळ घरांत शिजतात आणि या दोघांनी काढलेले मुद्दे एजंटच्या कागदावर सापडत नाहीत.

"वहिनी, धरमतरच्या माणसाने पाणी बघायला पैसे मोजायचे?" भावाने सुरुवातच अशी केली. "घरामागे खाडी आहे. भरती आली की डोळ्यांदेखत बार्ज वर येतात, डोलवीच्या कारखान्याचा कोळसा आणि खनिज घेऊन. मुलं त्याकडे मान वर करून बघत नाहीत, आणि आपण त्यांना जहाज दाखवायला मुंबईला न्यायचं!"

"भाऊजी, खाडी बघायला मी तरी कधी बसले?" वहिनी म्हणाली. "पाणी बघायचं म्हणून मी हा बेत केलेला नाही. मला चार दिवस कुणी हाक मारू नये, एवढंच हवंय."

वहिनी पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. संक्रांत झाली की कच्च्या मूर्तींची कामं सुरू होतात आणि श्रावण संपेपर्यंत उसंत नसते. ती काम करताना मी पाहिलं आहे. डाव्या हाताने मूर्तीची हनुवटी धरायची, उजव्या हाताची करंगळी गालावर टेकवायची, श्वास रोखायचा आणि बुबुळाची कड एका दमात काढायची. ती कड थरथरली तर देवाची नजर फिरते आणि मूर्ती परत रंगवायला जाते. हे दिवसभर, मान एका बाजूला कलती ठेवून. घरी आलं की सहा माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या.

भावाने आपला बेत मांडला. तो वाईट नव्हता. "सगळे रोह्याला या. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करू. वरच्या भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात, तेवढ्यावर ती नदी खळाळते. वीज तयार करून सुटलेल्या पाण्यात आपण होडी घालतो, हे मुलांना समजलं तर भूगोलाचा एक धडा तिथेच झाला. तिथून मुरूड, जंजिरा, काशीद. खर्च तुमच्या बेताच्या पावपटही नाही."

"आणि राहायचं कुठे?"

"माझ्याकडे. मुरूडला आत्याकडे."

"मग तिथे पोळपाट कुणाच्या हातात?" वहिनीने विचारलं. "आत्यांना आता उभं राहवत नाही. दहा माणसं जाऊन पडली की मीच पदर खोचणार. तुम्ही गड चढून याल, मुलं वाळूत लोळून येतील, आणि मी मुरूडला जाऊन पुन्हा भाकऱ्याच थापीन. आजवर आपण जिथे जिथे गेलो ना भाऊजी, तिथे माझी फक्त चूल बदलली."

यावर भाऊ काही बोलला नाही. मलाही बोलता आलं नाही. लग्न झाल्यापासून आमच्या घराच्या सगळ्या सहली नातेवाइकांच्या घरी झाल्या, आणि त्यातली एकही वहिनीची सुट्टी नव्हती. जहाजावर जेवण भाड्यातच धरलेलं असतं. सकाळी उठून डबा नाही, दुपारी भांडी नाहीत. शहरातल्या लोकांना ही चैन वाटेल. आमच्याकडच्या बाईला तो बेत ठरवण्याचा पहिला निकष वाटतो, आणि तो तसाच असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

उद्यान आणि जहाज एकाला एक जोडायची कल्पना वहिनीच्या बहिणीकडून आली. ती न्यू जर्सीत असते. आईवडील तिकडे गेले तेव्हा तिने त्यांना फ्लोरिडात नेलं: आधी ऑर्लँडोला डिस्नेचं उद्यान, मग तासाभराच्या अंतरावरच्या पोर्ट कॅनाव्हरलहून डिस्नेचंच जहाज. डिस्नेने १९९८ मध्ये आपलं पहिलं जहाज त्या बंदरातून सोडलं, तेच मुळी उद्यानाला आलेल्या कुटुंबांना पुढे समुद्रावर नेण्यासाठी. आठवड्याचे दोन तुकडे, एक जमिनीवर आणि एक पाण्यावर. आपल्याकडे दोन्ही एकाच मालकाचं नाही, पण नकाशावर अंतर तसं जवळच आहे. धरमतरहून वडखळ, पेण आणि खोपोलीचा रस्ता धरला की तास-दीड तासात इमॅजिका.

"पण तिथे आहे काय?" भाऊ म्हणाला. "फायबरचे डोंगर, सिमेंटच्या गुहा. सह्याद्री समोर उभा असताना त्याच्या पायथ्याशी खोटा डोंगर बघायचा. ज्या रांगेत आंबा नदी उगवते, तिच्या कुशीत जाऊन मुलं नळाच्या पाण्यात भिजणार. तीच आंबा पुढे पाली, नागोठणे करत आपल्या दारात येऊन खाडी होते."

"मग येताना दाखवा ना त्यांना ती नदी. पालीच्या बाजूने येऊ परत, बल्लाळेश्वराचं दर्शनही होईल." वहिनीने लगेच वाट काढली. "आणि भाऊजी, मुलांना ओरडायला मिळालं पाहिजे. शाळेत ओरडायचं नाही, घरात नानांची झोप, क्लासमध्ये तर तोंडच उघडायचं नाही. त्या नायट्रोच्या पाळण्यात पायाखाली फळी नसते, पाय लोंबकळतात. तिथे माझी मुलगी घसा बसेपर्यंत ओरडेल. ती ओरडली तर मला आनंद आहे."

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, पुढे त्याला वॉटरपार्क, बर्फाचं घर आणि हॉटेल जोडलं गेलं. मी तिथे एकदा शेजारच्या मुलांना घेऊन गेले आहे. भावाचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. तिथे राजासॉरस नावाची एक पाण्यातली सफर आहे, होडीत बसून डायनोसॉरच्या जंगलातून जायची. हा प्राणी खरा आहे. त्याची हाडं गुजरातेत रहिओलीला सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. मी हे सांगितल्यावर भावाचे डोळे चमकले. "हे तिथे कुणी सांगतं का मुलांना?" त्याने विचारलं. तू सांग, म्हटलं. रांगेत उभं राहायला वेळ भरपूर मिळतो.

अडचण आहे ती नानांची. त्यांचा गुडघा धरतो. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर घेऊन दिवसभर चालणं त्यांच्याने होणार नाही. एजंटने सहाही जणांची दोन दिवसांची तिकिटं धरली होती. वहिनीने ती खोडली. नाना-आईंना एकच दिवस, तोही दुपारी ऊन उतरल्यावर, संध्याकाळच्या परेडपुरता. एरवी ते खोलीत आराम करतील. शनिवार-रविवार टाळायचे, सोमवारी जायचं. मुलाची उंची घरीच मोजून ठेवायची, कारण मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते आणि रांगेत तासभर उभं राहून मुलाला परत फिरवलं की सगळ्या दिवसाचा विचका होतो. हे सगळं तिने वहीत लिहिलं होतं. तिची तयारी पाहून भावाचा आवाज तिथून जरा खाली आला.

खरा वाद जहाजावरून झाला, आणि तो लांबला, कारण त्यात नाना आले.

नाना बोटीत बसत नाहीत. त्यांच्या वडिलांचे एक चुलते रामदास बोटीवर होते. १७ जुलै १९४७ ला सकाळी रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेवर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे दिवस कलेपर्यंत मुंबईला पत्ताच नव्हता. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतली तेवढी माणसं वाचली. आमच्या भागात आजही पावसाळ्यात कुणी लाँचने जातो म्हणाला, तर म्हातारी माणसं रामदासचं नाव घेतात.

"नानांना हे विचारलंत?" भावाने वहिनीला विचारलं.

"विचारलं. ते म्हणाले, तुम्ही जा, मी घर सांभाळतो. त्यावर आई म्हणाल्या, मग मीही राहते. म्हणजे झालं! आई कधी नव्हे ते कुठे तरी जायला निघाल्या होत्या." वहिनीचा स्वर इथे चढला. "भाऊजी, तुम्ही इतिहास शिकवता. रामदास का बुडाली तेही शिकवा ना नानांना. ऐन पावसाळ्यात निघाली. हे जहाज पावसाळ्यात मुंबईहून निघतच नाही, तेव्हा ते चेन्नईच्या बाजूला असतं. निघताना सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठे जमायचं, हे करून दाखवतात. मी चौकशी केली आहे."

जहाज म्हणजे कॉर्डेलियाचं एम्प्रेस. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, तेव्हा त्याचं नाव नॉर्डिक एम्प्रेस. २०२१ पासून ते मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतं. अकरा मजले, दीड हजारावर प्रवासी. भावाने इथे एक व्यवहाराचा मुद्दा काढला आणि तो खरा होता. "या धंद्यात कंपन्या टिकत नाहीत, वहिनी. आंग्रिया २०१८ मध्ये वाजतगाजत सुरू झाली, दोन वर्षांत बंद. जलेशचं कर्णिका २०१९ ला आलं, २०२० ला कंपनीच गुंडाळली. पैसे भरण्याआधी फेरी रद्द झाली तर परत काय मिळणार, हे कागदावर वाचून घ्या. भाड्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी, नोकरांची ग्रॅच्युइटी वेगळी असते, तीही विचारा. जाहिरातीतला आकडा आणि हातात पडणारं बिल यांत फार फरक पडतो." वहिनीने हेही वहीत उतरवलं.

मग भाऊ धरमतरवर आला. तो आला की थांबत नाही, आणि त्याने थांबू नये असंच मला वाटतं. "मुंबईहून आगबोटी पूर्वी इथे लागायच्या. पेण, नागोठणं, महाडकडची माणसं धरमतरला उतरायची आणि पुढे गाडीने किंवा मोटारीने जायची. कोकणात जाणाऱ्याला हा आपला धक्का म्हणजे दरवाजा होता. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब महाडच्या सत्याग्रहाला निघाले तेव्हा मुंबईहून धरमतरचा रस्ता जवळचा होता. पण इथल्या मोटारवाल्यांनी बहिष्कार घालून गाड्या नाकारल्या तर शेकडो माणसं अडकून पडली असती. म्हणून ते पद्मावती बोटीने दासगावला गेले. तिथून महाड पाच मैल. मोटार नाही मिळाली तर चालत जाता येईल, हा हिशोब. २४ डिसेंबरला निघाले, २५ ला दासगावला उतरले."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाली, "म्हणजे जवळचा रस्ता सोडून ज्या रस्त्याने सगळी माणसं पोचतील तो धरला."

"हो."

"मग आपणही तेच बघू. नाना पोचतील असा रस्ता."

इथून बोलणं बदललं. दोघं आता एकमेकांशी भांडत नव्हते, नकाशाशी भांडत होते. एजंटचा बेत असा होता: इमॅजिकातून सकाळी निघायचं, एक्स्प्रेसवेने मुंबई गाठायची, दुपारी बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर. सहा माणसं, सामान, दिवाळीची गर्दी, आणि कळंबोलीला किंवा पुढे वाशीला अडकलो तर जहाज निघून जाणार. जहाज एसटीसारखं थांबत नाही; चढण्याची वेळ सुटण्याच्या कितीतरी आधी संपते.

"उद्यानातून थेट जहाजावर जाऊच नका," भाऊ म्हणाला. "मधे एक रात्र घरी या. धरमतर दोन्हींच्या मधेच आहे. कपडे धुवा, नानांचे पाय मोकळे होऊ देत. दुसऱ्या दिवशी पोयनाड, कार्लेखिंड, मांडवा. तिथून रो-रोने भाऊचा धक्का, तासाभरात. धक्क्यावरून टर्मिनल टॅक्सीच्या अंतरावर. गाडी मांडव्यालाच ठेवायची."

"म्हणजे नानांना आधी एक बोट, मग दुसरी?"

"हो. आणि पहिली तासाभराचीच. मोठं, रुंद जहाज आहे ते, पोटात मोटारी घेऊन जातं. वर बसलं की सगळा किनारा दिसतो. नानांना जमलं तर पुढच्या जहाजाची भीती उरणार नाही. नाही जमलं तर भाऊच्या धक्क्यावरून मी त्यांना टॅक्सीने घरी घेऊन येईन, बाकीच्यांनी पुढे जायचं. कुणाची सफर बुडणार नाही."

हा बेत मला एजंटच्या बेतापेक्षा शतपटीने शहाणा वाटला, आणि फक्त नानांसाठी नव्हे. रस्त्याने टर्मिनल गाठलं असतं तर मुलांनी दिवसभर ट्रकच्या मागच्या पाट्या वाचल्या असत्या आणि एकदम जहाजाच्या लिफ्टमध्ये शिरली असती. मांडव्यावरून गेलं की रेवसच्या बाजूचं खाडीचं तोंड दिसतं. आपल्या घरामागचं पाणी समुद्राला मिळतं ते इथे, हे काका बोट दाखवून सांगू शकतो. कनकेश्वराचा डोंगर मागे सरताना दिसतो. रामदासचं नाव ज्या खडकाशी जोडलेलं आहे, तो याच पाण्यात आहे. नानांनी ती गोष्ट तिथे स्वतः सांगितली तर मुलं ती जन्मात विसरणार नाहीत.

वहिनीने मात्र पेन खाली ठेवलं. "घरी एक रात्र म्हणालात ना, तिथेच माझं घोडं अडतं. घरी आलं की चूल माझी. धुणं माझं. सुट्टी मधोमध फुटली."

भाऊ गप्प. दादा इतका वेळ मोबाइल बघत होता, त्याने मान वर केली.

"त्या रात्रीचा भात आणि आमटी मी करतो," भाऊ म्हणाला. "सुकट आणून ठेवतो रोह्याहून. दादाने मशीन लावायचं. वहिनी, तुम्ही उंबऱ्याच्या आत पाय टाकलात की हातपाय धुऊन झोपायचं."

"लिहून द्या."

"देतो." आणि त्याने खरोखर तिच्याच वहीत लिहिलं.

केबिनचा प्रश्न उरला. दादाच्या मते आतली, बिनखिडकीची केबिन घ्यावी. रात्री झोपायचंच तर असतं, आणि फरकाच्या पैशांत घराची पत्र्याची शेड होईल. भाऊ आता पुरता फिरला होता. त्याने खिडकीच्या केबिनचा आग्रह धरला, तोही डाव्या बाजूच्या. मुंबईहून दक्षिणेला निघालं की किनारा डावीकडे राहतो. उजेड असेपर्यंत खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरीवर १६७९ मध्ये महाराजांनी तटबंदी बांधायला घेतली आणि इंग्रजांची गलबतं ते काम थांबवू शकली नाहीत. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांतले चार याच वाटेवर आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. पुढचे तीन अंधारात आणि लांबून जातील, काही दिसणार नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. "पण मुलांना माहीत असावं की आपण झोपलो तेव्हा विजयदुर्ग बाजूने गेला." दादाने खर्चाचा मुद्दा परत काढला. डेकवर उभं राहूनही खांदेरी दिसतेच, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

"डेकवर नाना किती वेळ उभे राहतील?" वहिनी म्हणाली. "आईंना वारा सोसत नाही. एक केबिन खिडकीची घ्यायची, त्या दोघांसाठी. आपण चौघं आतल्या केबिनमध्ये. भाऊजी, तुम्ही यायचं ठरवलंत तर तुमची सोय तुम्ही बघा."

"येतोय मी. भाऊच्या धक्क्यावरून नानांना परत आणायला कुणी तरी हवंच."

"आणि खिडकीचे जास्तीचे पैसे माझ्या आखणीचे," वहिनी दादाकडे बघत म्हणाली. "शेडच्या पैशांना हात लावायचा नाही."

दादाने मोबाइल उघडला आणि आधार कार्डं मागितली. नानांचं कार्ड आईच्या पेटीत सापडलं. त्यावरची जन्मतारीख चुकलेली निघाली, त्यामुळे आता सोमवारी पेणला आधार केंद्रात जावं लागणार आहे. नानांना घेऊन भाऊच जाणार आहे.